हाताने लिहिलेला यूटीएफ-८ डिकोडर: चुकीच्या बाइटचं करायचं काय?

बाइटवेडा:
सी भाषेत स्वतःचा यूटीएफ-८ डिकोडर (युनिकोड मजकुराचे साठवलेले बाइट परत अक्षरांत उलगडणारा प्रोग्राम) लिहिणं हा छोटा पण कसदार प्रकल्प आहे. धड मजकूर उलगडायला तीसेक ओळी पुरतात. खरी परीक्षा बिघडलेल्या बाइटपाशी होते आणि हौसेने लिहिलेले बहुतेक डिकोडर तिथेच आडवे होतात. म्हणून या धाग्यात भर त्यावर देऊ. बाइटचे आकडे मी दशमान पद्धतीत देतोय, ० ते २५५. ओडी कमांडला एकेक बाइट दशमानात छापायला सांगितलं की हेच आकडे समोर येतात, ताडून बघायला सोपं जातं.

आधी गणित. 'क' चा कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडमधला क्रमांक, २३२५. फाइलमध्ये तो तीन बाइट होऊन बसतो:

२२४ = १११०००००
१६४ = १०१००१००
१४९ = १००१०१०१

पहिल्या बाइटच्या सुरुवातीचे १११० म्हणजे "एकूण तीन बाइट". उरलेले चार बिट आशयाचे. पुढचे दोन्ही बाइट १० ने सुरू होतात आणि प्रत्येकी सहा बिट देतात. हाती आलं ०, ३६, २१. मग ० × ४०९६ + ३६ × ६४ + २१ = २३२५.

देवनागरीचा ठोकळा २३०४ ते २४३१ असल्याने त्यातल्या प्रत्येक कोडपॉइंटचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. 'मराठी' म्हणजे पाच कोडपॉइंट, पंधरा बाइट.

आता कडक तक्ता. पहिल्या बाइटवरून दुसऱ्याची हद्द ठरते. तिसरा आणि चौथा कायम १२८–१९१.

० – १२७ : एकटा
१२८ – १९१ : पहिला म्हणून आला तर चूक
१९२, १९३ : कधीच चालत नाहीत
१९४ – २२३ : दोन बाइट, दुसरा १२८–१९१
२२४ : तीन, दुसरा १६०–१९१
२२५ – २३६, २३८, २३९ : तीन, दुसरा १२८–१९१
२३७ : तीन, दुसरा १२८–१५९
२४० : चार, दुसरा १४४–१९१
२४१ – २४३ : चार, दुसरा १२८–१९१
२४४ : चार, दुसरा १२८–१४३
२४५ – २५५ : कधीच चालत नाहीत

१९२ आणि १९३ वर बंदी का? १९२ १७५ ही जोडी भोळेपणाने उलगडली तर ४७ मिळतं, म्हणजे तिरकी रेघ. पण तिरक्या रेघेला एक बाइट पुरतो, दोन बाइटचं हे फुगवलेलं रूप बेकायदा आहे. २००० साली एका मोठ्या वेब सर्व्हरमध्ये नेमकं हेच भोवलं होतं: पत्त्यातल्या तिरक्या रेघा आधी तपासल्या जात आणि बाइट नंतर उलगडले जात, त्यामुळे फुगवलेली रेघ तपासणीतून निसटून नको त्या फोल्डरात पोचायची. २२४ आणि २४० च्या दुसऱ्या बाइटवरची खालची मर्यादा याच कारणासाठी आहे. २३७ वरची मर्यादा यूटीएफ-१६ च्या सरोगेटांना (जोडीने वापरायचे राखीव आकडे, ५५२९६–५७३४३) बाहेर ठेवते, तर २४४ वरची मर्यादा ११,१४,१११ या शेवटच्या कोडपॉइंटच्या पुढे जाऊ देत नाही. नोव्हेंबर २००३ च्या आरएफसी ३६२९ या यूटीएफ-८ च्या मानकाने चार बाइटची कमाल घातली. त्याआधीच्या नमुना कोडमध्ये पाच-सहा बाइटच्या फांद्या सापडतात. त्या काढून टाका.

आता मुद्द्याचं. २२४ १६४ ३२ असं आलं तर? अक्षर अर्धवट आणि पुढे मोकळी जागा. कित्येक डिकोडर पहिला बाइट बघून "तीन" म्हणतात आणि ३२ सकट तिन्ही गिळतात. ३२ च्या जागी ३४ असता, म्हणजे अवतरणचिन्ह, तर एचटीएमएल मधला गुणधर्म बंदच होत नाही आणि पुढचा मजकूर त्यात ओढला जातो. नियम असा: जिथवर तक्त्याप्रमाणे बरोबर जमत आलं तेवढ्याबद्दल एकच बदलचिन्ह (६५५३३, न उलगडलेल्या बाइटची खूण) द्या, आणि ज्या बाइटने घोळ केला तिथून नव्याने सुरुवात करा. त्याला गिळू नका.

२२४ १६४ ३२ → एक बदलचिन्ह, मग जागा
१९२ १७५ → दोन बदलचिन्हं
२२४ १२८ १२८ → तीन बदलचिन्हं, कारण २२४ नंतर १२८ चालतच नाही
२४० १४४ ६५ → एक बदलचिन्ह, मग ६५

ही चार उत्तरं तुमच्या डिकोडरने दिली की पाया पक्का.

रजिस्टर:
उत्तम तक्ता. सी मध्ये एक सापळा आधीच सांगून ठेवतो. साधा 'चार' हा एक बाइटचा अक्षर-प्रकार चिन्हांकित (ऋण आकडेही धरणारा) की बिनचिन्ह, हे मानकाने कंपायलरवर सोडलंय. एक्स८६ प्रोसेसरवर तो सहसा चिन्हांकित असतो, तिथे २२४ हा −३२ होतो. मग "१२८ पेक्षा मोठा आहे का" ही तपासणी कायम खोटी ठरते, आणि तोच आकडा तक्त्याचा निर्देशांक म्हणून वापरला तर वाचन तक्त्याच्या आधीच्या मेमरीत जातं. एआरएम लिनक्सवर 'चार' प्रकार बिनचिन्ह असल्याने तोच कोड तिथे सुरळीत चालतो, त्यामुळे दोष बराच काळ लपून राहतो. बफर पहिल्यापासून बिनचिन्ह आठ-बिट प्रकाराचा घ्या. अक्षर आहे का, जागा आहे का हे विचारणारी सीटाइप मधली फंक्शनं तर ऋण आकडा दिल्यावर काय करतील याची हमीच नाही.

मेमरीचा पत्ता आणि अव्याख्यात वर्तन (ज्याचा परिणाम मानकाने ठरवलेला नाही) तपासणारे कंपायलरचे दोन्ही सॅनिटायझर लावूनच कंपाइल करा. निर्देशांकाची चूक पहिल्याच फेरीत पकडली जाते.

नवखा_सी:
एक शंका. फाइल ४०९६ बाइटच्या तुकड्यांनी वाचायची असेल तर तुकड्याच्या शेवटी अक्षर मधोमध तुटणार. तिथे बदलचिन्ह टाकायचं का?

बाइटवेडा:
नाही. अपुरं आणि चुकीचं या दोन अवस्था वेगळ्या ठेवा. ४०९६ = ३ × १३६५ + १, म्हणजे सलग देवनागरी असेल तर पहिल्याच तुकड्याच्या टोकाला एकटा २२४ लोंबकळणार. इंग्रजी मजकुरावर चाचणी घेतली तर हे दिसतच नाही.

दोन मार्ग आहेत. सोपा: उरलेले बाइट (जास्तीत जास्त तीन) बफरच्या सुरुवातीला सरकवा आणि पुढचं वाचन त्यांच्या मागे जोडा. नेटका: डिकोडरची अवस्था एका छोट्या स्ट्रक्टमध्ये ठेवा. त्यात तीनच गोष्टी लागतात: आतापर्यंत जमलेले बिट, अजून किती बाइट हवेत, आणि पुढच्या बाइटची किमान-कमाल हद्द. ही हद्द अवस्थेत ठेवली की २२४, २३७, २४०, २४४ साठी वेगळ्या फांद्या लागत नाहीत: पहिला बाइट वाचताना हद्द बसवा, दुसरा वाचल्यावर ती परत १२८–१९१ करा.

फाइल संपली आणि अजून बाइट हवेच असतील, तेव्हाच एक बदलचिन्ह द्या.

जुनी_फाइल:
या कडक डिकोडरचा एक मोठा उपयोग म्हणजे दोनदा एन्कोड झालेल्या मराठी फाइली दुरुस्त करणं. यूटीएफ-८ मजकूर कुणीतरी विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचा जुना एक-बाइटी तक्ता) समजून वाचला आणि पुन्हा यूटीएफ-८ म्हणून साठवला की हे होतं. पडद्यावर चलनाचं गोल चिन्ह आणि येनचं चिन्ह सारखं सारखं दिसतं, कारण १२५२ मध्ये १६४ आणि १६५ ची तीच चिन्हं आहेत. बाइटमधली खूण अचूक आहे: १९५ १६० १९४ १६४ किंवा १९५ १६० १९४ १६५. हे चार बाइट वरचेवर दिसले तर रोग हाच.

उलटा प्रवास असा. फाइलची प्रत घ्या. ओळ यूटीएफ-८ म्हणून उलगडा. २५६ पेक्षा लहान कोडपॉइंट तसाच बाइट म्हणून लिहा. १२५२ ने १२८–१५९ या पट्ट्यात जी २७ खास चिन्हं बसवली आहेत त्यांचा उलटा तक्ता करा, उदाहरणार्थ ८३६४ → १२८, ८२२६ → १४९. तिसरंच काही आलं तर त्या ओळीला हात लावू नका. शेवटी बनलेली ओळ कडक डिकोडरमधून गाळा. एकही चूक नसेल तरच ती स्वीकारा. ओळीओळीने करण्याचं कारण, अशा फाइलींत बऱ्याचदा काही ओळी धड आणि काही बिघडलेल्या असतात. सबंध फाइल एकदम उलटवली तर धड ओळींची वाट लागते.

खरा त्रास पाच बाइटचा. १२५२ मध्ये १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ या जागा रिकाम्या आहेत. देवनागरीत त्यांच्यावर कोण बसलंय बघा:

१६४ नंतर: १२९ चंद्रबिंदू, १४१ ऍ, १४३ ए, १४४ ऐ, १५७ झ
१६५ नंतर: १२९ उकार, १४१ हलन्त, १४४ ॐ

मराठीत हलन्त आणि ऱ्हस्व उकार किती येतात ते वेगळं सांगायला नको. ब्राउझर हे पाच बाइट नियंत्रण कोडपॉइंट म्हणून तसेच पुढे नेतात, तेव्हा मजकूर पूर्ण परत मिळतो. पायथनचा १२५२ डिकोडर त्यांवर चूक देतो, आणि "चूक आली तर सोडून दे" असं सांगितलेलं असेल तर तो बाइट गेला तो गेलाच. काही साधनं त्या जागी प्रश्नचिन्ह टाकतात. तेव्हा २२४ १६५ ६३ दिसलं तर तिथे उकार होता की हलन्त हे बाइटवरून कळणार नाही. शब्दसूची घेऊन दोन्ही पर्याय ताडावे लागतात. शून्य रुंदीचा जोडक (२२६ १२८ १४१) आणि बंद होणारं दुहेरी अवतरण (२२६ १२८ १५७) हेही याच खड्ड्यात पडतात.

हलन्त:
त्यात आणखी तीन अक्षरं जोडा. 'ठ' चा शेवटचा बाइट १६०, म्हणजे लॅटिन-१ (१२५२ सारखाच जुना तक्ता) मधली न तुटणारी मोकळी जागा. मधल्या कुठल्या साधनाने तिची साधी जागा (३२) केली की सगळे ठ मोडतात. 'भ' चा शेवटचा १७३, म्हणजे अदृश्य संयोगचिन्ह. कॉपी-पेस्टमध्ये ते बिनबोभाट गळतं. 'अ' चा शेवटचा १३३. लॅटिन-१ म्हणून वाचलं तर ते नव्या ओळीचं नियंत्रणचिन्ह, आणि पायथनचं ओळी पाडणारं फंक्शन तिथे ओळ तोडतं. एखाद्या फाइलमध्ये फक्त ठ किंवा फक्त भ असलेले शब्द फुटलेले दिसले तर कारण इथे शोधा.

२२४ १६४ ३२ दिसलं की डोळे झाकून १६० भरू नका. शब्दाच्या शेवटी 'भ' असेल, त्याचा १७३ गळला असेल आणि पुढे खरीच जागा असेल तरी हाच क्रम दिसतो. 'लाभ' आणि 'पाठ' दोन्ही ज्या फाइलीत आहेत तिथे पुढचा बाइट बघा: ३२ नंतर लगेच दुसरा ३२ असेल तर बहुधा ठ आणि मग जागा. एकच ३२ असेल तर शब्दसूचीला विचारा.

जोडाक्षर:
दुरुस्तीनंतर शोध चालतो का तेही बघा. बाइट निर्दोष असूनही मराठीत एकच दिसणारं अक्षर वेगवेगळ्या क्रमांनी लिहिलेलं सापडतं. 'दऱ्या' मधला अर्धा र दोन रीतींनी येतो: २३५३ २३८१ (ऱ + हलन्त) किंवा २३५२ २३८१ ८२०५ (र + हलन्त + जोडक). दुसरी रीत युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून चालू ठेवलीय. पडद्यावर दोन्ही सारख्या, पण प्रमाणीकरण (समान क्रम एकाच रूपात आणणारी युनिकोडची प्रक्रिया) त्यांना कधीच एक करत नाही.

एनएफसी हा प्रमाणीकरणाचा जोडणारा प्रकार जे करतो ते एवढंच: २३५२ २३६४ (र + नुक्ता, म्हणजे खालचा टिंब) चा २३५३ करतं. गंमत म्हणजे नुक्तावाल्या 'क़' च्या बाबतीत ते नेमकं उलट जातं, २३९२ हा एकसंध कोडपॉइंट फोडून २३२५ २३६४ करतं, कारण २३९२ ते २३९९ हे जोडणीतून वगळलेले आहेत. म्हणून "एनएफसी म्हणजे सगळं जोडलेलं" असं गृहीत धरून बफरची लांबी ठरवू नका. ती वाढू शकते.

'ॲ' चंही तसंच. २४१८ हा स्वतंत्र कोडपॉइंट २००८ मध्ये युनिकोड ५.१ बरोबर आला. त्याआधीच्या मजकुरात २३०९ २३७३ (अ + चंद्र) असतं. इथेही प्रमाणीकरण मदतीला येत नाही. शोधासाठी एनएफसी नंतर या दोन अदलाबदली स्वतः कराव्या लागतात:

२३५२ २३८१ ८२०५ → २३५३ २३८१
२३०९ २३७३ → २४१८

या फक्त शोधाच्या किल्लीवर करा, मूळ मजकुरावर नको.

नवखा_सी:
मग अक्षरं मोजायची कशी? 'क्षत्रिय' ला तीन यायला हवेत, आठ येतात.

जोडाक्षर:
आठ कोडपॉइंट, चोवीस बाइट, तीन अक्षरं. तिन्ही आकडे बरोबर, प्रश्न कोणता ते ठरवा. मेमरीला बाइट लागतात. कर्सरला अक्षरं लागतात, आणि त्यासाठी युनिकोडचे अक्षरसमूह तोडण्याचे नियम आहेत. २०२३ च्या १५.१ आवृत्तीपर्यंत ते नियम हलन्तानंतर तोडत, त्यामुळे 'क्ष' चे दोन समूह पडायचे. १५.१ मध्ये देवनागरीसकट काही लिपींसाठी व्यंजन + हलन्त + व्यंजन एकत्र ठेवणारा नियम आला. लायब्ररी जुनी असेल तर वेगळं उत्तर मिळेल, आवृत्ती बघून घ्या.

जुनी_फाइल:
इस्की (भारतीय लिपींचं जुनं मानक, आयएस १३१९४:१९९१) मधल्या फाइली उलगडणाऱ्यांसाठी थोडं. युनिकोडचा देवनागरी ठोकळा इस्कीवरून बेतलेला असल्याने "एक ठराविक आकडा मिळवला की झालं" असा मोह होतो. क (१७९) पासून य (२०५) पर्यंत २१४६ मिळवून चालतं. २०६ वर य़ येतो आणि गाडी घसरते. र (२०७) पासून २१४५ लागतो. स्वरांचा तर क्रमच वेगळा. तेव्हा २५६ खणांचा तक्ता करा, आकडेमोड नको.

शिवाय इथे एका बाइटचा अर्थ पुढच्यावर ठरतो. २३२ हलन्त. पण २३२ २३२ म्हणजे उघडा हलन्त (२३८१ ८२०४) आणि २३२ २३३ म्हणजे सौम्य हलन्त (२३८१ ८२०५). २३३ हा नुक्ता. तो दंडानंतर (२३४) आला तर अवग्रह होतो, चंद्रबिंदूनंतर (१६१) आला तर ॐ. त्यामुळे एक बाइट पुढे बघितल्याशिवाय काहीच बाहेर टाकायचं नाही. २३९ ६६ दिसलं तर ती फक्त "लिपी देवनागरी" ही सूचना, छापायची नाही.

रजिस्टर:
वेगाबद्दल. फक्त कोडपॉइंट मोजायचे असतील तर उलगडायची गरज नाही, १२८–१९१ सोडून बाकीचे बाइट मोजा. आठ बाइट एका ६४-बिट शब्दात घ्या. शब्द सात बिट उजवीकडे सरकवा, शब्दाचे सगळे बिट उलटवून ते सहा बिट उजवीकडे सरकवा, दोन्हींचा अँड घ्या आणि प्रत्येक बाइटचा फक्त शेवटचा बिट ठेवा. पुढचे (१० ने सुरू होणारे) बाइट जिथे जिथे आहेत तिथे १ उरतो. प्रत्येक बाइटमध्ये १ असलेल्या आकड्याने गुणून ५६ बिट उजवीकडे सरकवलं की त्यांची बेरीज हातात, ती आठातून वजा करा. शब्द भरताना पॉइंटर कास्ट करू नका, मेमकॉपी वापरा. कंपायलर तिची एकच सूचना करतो आणि अव्याख्यात वर्तन टळतं. एक्स८६ च्या एसएसई२ सूचनांमध्ये तर एकदम सोळा बाइटची −६५ शी चिन्हांकित तुलना केली की पुरतं: −६५ पेक्षा मोठा तो प्रत्येक बाइट अक्षराची सुरुवात. हा हिशोब मजकूर आधी तपासलेला असेल तरच खरा.

उलगडण्यात "आठही बाइट १२८ खाली असतील तर झटपट पुढे जा" ही युक्ती देवनागरीला काडीची मदत करत नाही. तिच्याऐवजी ही फांदी घाला:

पहिला २२४, दुसरा १६४ किंवा १६५, तिसरा १२८–१९१ असेल तर
कोडपॉइंट = २३०४ + (दुसरा − १६४) × ६४ + (तिसरा − १२८)

मराठी मजकुरातली जवळजवळ सगळी कामं इथेच आटोपतात. बाकीचं मुख्य तक्त्याकडे.

हलन्त:
असेंब्लीत छापून बघणाऱ्यांसाठी: एक्स८६-६४ लिनक्सवर रजिस्टर असे भरा: आरएएक्स मध्ये १, आरडीआय मध्ये १, आरएसआय मध्ये पत्ता, आरडीएक्स मध्ये लांबी, मग सिस्टिम कॉल. लांबी बाइटमध्ये. 'मराठी' आणि नवी ओळ मिळून १६. पाच दिले तर म पूर्ण येतो आणि र चे दोनच बाइट बाहेर पडतात. लांबी हाताने न मोजता असेंबलरला "इथला पत्ता वजा लेबलचा पत्ता" काढायला सांगा. कॉलनंतर आरसीएक्स आणि आर११ मधलं जुनं मूल्य टिकत नाही, मोजणी तिथे ठेवू नका. आरएएक्स मध्ये परत आलेला आकडा मागितल्यापेक्षा कमी असू शकतो, पाइपवर विशेषतः. उरलेले बाइट पुन्हा पाठवावे लागतात.

लिनक्सच्या नुसत्या कन्सोलवर बाइट बरोबर असूनही देवनागरी नीट दिसणार नाही. तिथे ५१२ पर्यंतच चित्रं मावतात, आणि वेलांटी व्यंजनाआधी नेणं किंवा जोडाक्षर घडवणं हे काम करणारा थरच नाही. तपासणी ओडीने करा.

बाइटवेडा:
शेवटी चाचणी. नमुने हाताने निवडू नका, सगळंच चालवा, यंत्राला जड नाही.

पहिली फेरी: सरोगेट वगळता सगळे कोडपॉइंट, एकूण ११,१२,०६४, एन्कोड करून परत उलगडा.

दुसरी: तीन बाइटचे सगळे क्रम, १,६७,७७,२१६. त्यांतले नेमके ६१,४४० एकाच अक्षरात उलगडले पाहिजेत. ६३,४८८ आले तर बाहेर ठेवायचे २,०४८ आत शिरलेत: एकतर २३७ ची हद्द विसरली आहे आणि सरोगेट आलेत, किंवा २२४ ची विसरली आहे आणि फुगवलेली रूपं आलीत. ६५,५३६ आले तर दोन्ही.

तिसरी: दोन बाइटचे सगळे क्रम, तिथे १,९२० हवेत. २,०४८ आले तर १९२ आणि १९३ आत घेतलेत.

चौथी तुकड्यांची. कुठलाही मजकूर एकसंध उलगडून जे मिळतं तेच तो दर बाइटपाशी तोडून दोन हप्त्यांत दिल्यावर मिळालं पाहिजे, बदलचिन्हांच्या संख्येसकट. वरचे चार बिघडलेले नमुनेही या फेरीत घाला. अवस्था पुसायची राहून गेली असेल तर २४० १४४ ६५ हा नमुना १४४ नंतर तोडल्यावर लगेच सापडतो.